किल्ली झालेली कविता

साहित्यसमीक्षेत ‘संकेत’ ही संज्ञा आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोठून आली याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. संकेत म्हटले की काव्यसंकेत, वाङ्मयप्रकाराचे संकेत, चिन्हमीमांसेतील संकेतव्यवस्था असे अर्थ मनात येतात. परंतु रोमान याकबसनने १९५८ साली इंडियाना विद्यापीठातील परिषदेत प्रेषक, ग्राहक, संदर्भ, संदेश, संपर्क आणि संकेतव्यवस्था अशी संज्ञापनाची सहा घटकांची मांडणी केली, तेव्हा तिच्यातील बरीचशी परिभाषा दूरसंचाराच्या अभियंत्यांकडून आलेली होती. त्या परिभाषेचा एक प्रमुख जनक क्लॉड शॅनन हा युद्धकाळात बेल प्रयोगशाळेत गुप्तलेखनावर काम करीत होता. संज्ञापनावरील त्याचा प्रसिद्ध निबंध १९४८ चा आणि गुप्तताव्यवस्थांवरील निबंध १९४९ चा. पैकी दुसऱ्याचे मूळ टिपण १९४५ साली गोपनीय म्हणून तयार झाले होते. म्हणजे ज्या शब्दावर संरचनावादी समीक्षेचा बराच डोलारा उभा आहे, तो शब्द अर्थ पोचविण्याच्या उद्योगाइतकाच अर्थ लपविण्याच्या उद्योगातूनही आला आहे. याकबसनची आकृती आपण वर्गातल्या फळ्यावर वर्षानुवर्षे काढीत आलो. तिच्यात चोरून ऐकणाऱ्याला जागा नाही, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात आले.

आपल्या परंपरेला ही जागा ठाऊक होती. आदिपर्वात पांडव वारणावताला निघतात तेव्हा विदुर चारचौघांत युधिष्ठिराला लाक्षागृहाची सूचना देतो; ती त्या दोघांनाच कळावी अशा बोलीत. सर्व जण ऐकतात, एकालाच कळते. पुढे वाटेत कुंती विचारते, की विदुर काय म्हणाला आणि तू काय समजलास? ही कुंती फार महत्त्वाची आहे. आपल्यासाठी नसलेले काही तरी आपल्या देखत बोलले गेले, एवढे तिला कळलेले आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प आणि काव्यसमस्यापूरण एकाच पंक्तीला बसतात, तेही काही केवळ यादी लांबविण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात लघुलहरींवरून जे गुप्त संदेश गेले, त्यांच्या इतिहासात कविता अनेकदा आणि अनपेक्षित ठिकाणी भेटते. इतिहासकारांनी हा भाग शौर्यकथा म्हणून सांगितला, गणितज्ञांनी कमकुवत पद्धतीचे उदाहरण म्हणून. साहित्यमीमांसेने त्याकडे पाहिले पाहिजे ते वेगळ्या कारणासाठी. अर्थ संहितेत असतो, लेखकाच्या मनात असतो की वाचकाच्या व्यवहारात असतो, हा वाद आपण ज्या निर्धास्तपणे घालतो तो निर्धास्तपणा तेथे कोणालाच परवडणारा नव्हता. चुकीच्या वाचनाची किंमत तेथे माणसे देत होती.

प्रथम माध्यमाविषयी. लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह, आकाशात वर जाऊन आयनांबराच्या थरावरून परततात. त्यामुळे पेटीत मावेल एवढ्या लहान यंत्रावरूनही शेकडो मैलांवर संदेश जातो. तो कोणालाही ऐकू येतो, पण कोण ऐकतो आहे हे कोणालाही कळत नाही. याच्या उलट, पाठविणाऱ्याची जागा मात्र दिशाशोधक यंत्रांनी हेरता येते. ऐकणारा अदृश्य आणि बोलणारा उघडा, ही या माध्यमाची विषमता. व्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी यंत्र चालविणाऱ्याला प्रत्येक जादा मिनिट धोक्याचे होते. १९४१ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या गुप्त कारवाया करणाऱ्या एसओई या संघटनेचा फ्रान्समध्ये उतरलेला हस्तक झॉर्झ बेगे याने यावर एक तोड सुचविली, असे मानले जाते. लंडनला काही सांगायचे असेल तर ते बीबीसीच्या फ्रेंच कार्यक्रमातून उघड सांगावे. त्यासाठी हस्तकाला यंत्र लावून बसण्याची गरज नाही. त्यातून ‘वैयक्तिक संदेश’ म्हणून प्रसिद्ध झालेला प्रकार रूढ झाला. निवेदक एकामागून एक विसंगत, काहीशी विनोदी, काहीशी स्वप्नातल्यासारखी वाक्ये वाचून दाखवी. बहुसंख्य श्रोत्यांना ती निरर्थक. एखाद्या शेतघरात दबा धरून बसलेल्या चौघांना मात्र त्यातल्या एकाचा अर्थ असा, की आज रात्री विमान येणार.

या वाक्यांना ध्वनिकाव्याचे उदाहरण समजण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. ज्याला प्रकाश हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तसे व्यंग्यार्थासाठी वाच्यार्थ जपावा लागतो, असे आनंदवर्धन सांगतो. बीबीसीच्या वाक्यात वाच्यार्थ हा दिवा नसून पडदा आहे. त्या वाक्याऐवजी दुसरे कोणतेही वाक्य ठरविले असते तरी विमान त्याच रात्री आले असते. येथे अभिधा बाधित होऊन लक्षणेला वाट मिळत नाही आणि व्यंजनेचा तर प्रश्नच उद्भवत नाही. आहे तो निव्वळ करार. काव्यार्थ आणि सांकेतिक अर्थ यांच्यातील भेद इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. गंमत अशी, की ज्यांच्याशी करार झालेला नव्हता त्या लाखो श्रोत्यांनाच ही वाक्ये कवितेसारखी ऐकू आली. त्यांना केवळ वाच्यार्थच मिळाला होता आणि तो पुरेसा नाही हेही कळत होते. कुंतीची जागा ती हीच.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण पोल व्हर्लेनच्या शरदगीताचे. १८६६ च्या संग्रहातील ही छोटी कविता फ्रेंच शाळांतून पाठ झालेली, आणि १९४१ मध्ये शार्ल त्रेने याने तिच्यातले एक क्रियापद बदलून ती गाण्यातही आणलेली. १ जून १९४४ रोजी बीबीसीवरून तिच्या पहिल्या कडव्याचा पूर्वार्ध वाचला गेला आणि ५ जूनच्या रात्री उत्तरार्ध. ६ जूनला दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. जर्मनांच्या पंधराव्या सेनेच्या गुप्तवार्ता विभागात हेल्मुथ मायर हा अधिकारी हेच ऐकत बसला होता. या ओळींचे महत्त्व जर्मन हेरखात्याला आधीच कळले होते: पूर्वार्ध म्हणजे आक्रमण जवळ आले, उत्तरार्ध म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत होणार. मायरने दोन्ही ओळखले व वर कळविले. पंधरावी सेना सावध केली गेली. प्रत्यक्ष नॉर्मंडी सांभाळणाऱ्या सातव्या सेनेपर्यंत इशारा पोचला नाही.

या घटनेचे वाचन शौर्यकथेत संपते, कारण तेथे ‘संदेश पकडला गेला, पण उपयोग झाला नाही’ एवढे पुरते. तिचा खरा गुंता पुढे आहे. व्हर्लेनच्या त्या ओळी साऱ्या फ्रेंच प्रतिकारचळवळीसाठी नव्हत्याच. त्या फिलिप द व्होमेकूर याच्या गटासाठी होत्या आणि त्यांचा अर्थ रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करा इतकाच होता. इतर गटांना इतर वाक्ये होती. त्या रात्री अशी शेकडो वाचली गेली. म्हणजे मायरने संहिता बरोबर ओळखली, ग्राहक चुकीचा ठरविला, अर्थ अवाजवी वाढविला आणि तरीही निष्कर्ष अचूक काढला! चुकीच्या अन्वयार्थातून खरे विधान निघू शकते, हे तर्कशास्त्राला नवीन नाही. पण कवितेच्या अन्वयार्थाविषयी बोलताना निष्कर्षाच्या समर्पकतेवरून आपण वाचनाची यथार्थता सिद्ध झाल्याचे किती वेळा मानतो, याचा विचार करायला ही घटना भाग पाडते. मायरने या ओळीच का इतक्या सहज टिपल्या? कारण त्या व्हर्लेनच्या होत्या. कोण्या चुलत्याच्या मांजराविषयीचे वाक्य कानाआड झाले असते. अभिजात कविता मात्र शत्रूच्याही कानाला लागते.

अभिजाततेचा हा दोष एसओईच्या आतल्या गोटात एका तरुणाने त्याआधीच ओळखला होता. लिओ मार्क्स हा लंडनच्या चेअरिंग क्रॉस मार्गावरील ८४ क्रमांकाच्या ग्रंथविक्रेत्याचा मुलगा. हेलीन हॅन्फच्या पत्ररूप पुस्तकामुळे हा पत्ता पुढे जगभरच्या पुस्तकवेड्यांना परिचित झाला. लहानपणी वडिलांनी दाखविलेल्या एडगर ॲलन पोच्या ‘सोन्याचा भुंगा’ या कथेमुळे त्याला गुप्तलेखनाचे वेड लागले आणि दुकानातल्या पुस्तकांवर वडिलांनी लिहिलेले किमतीचे सांकेतिक आकडे त्याने त्याच वयात उलगडले. विशीच्या सुरुवातीला तो एसओईच्या संकेतविभागाचा प्रमुख झाला. त्याच्या ‘रेशीम आणि सायनाइड यांच्या मधोमध’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या आठवणी १९९८ साली प्रसिद्ध झाल्या. आठवणी विनोदी आहेत, कोठे कोठे फार विनोदी आहेत. स्वतःविषयीच्या त्या चलाख विनोदाचा कंटाळाही येतो. परंतु काव्यशास्त्राचा म्हणून ज्यांचा विचार व्हावा असे काही प्रश्न या पुस्तकात जितक्या नेमकेपणाने उभे राहतात तितके ते अनेक सैद्धान्तिक ग्रंथांत राहत नाहीत.

मार्क्स आला तेव्हा हस्तकांना ‘काव्यसंकेत’ दिला जात असे. पद्धत अशी: हस्तकाने एक कविता पाठ करायची. संदेश पाठविताना तिच्यातील कोणतेही पाच शब्द निवडून एका ओळीत मांडायचे आणि त्यांच्या अक्षरांना वर्णानुक्रमाने आकडे द्यायचे: पहिल्या ‘ए’ला एक, दुसऱ्या ‘ए’ला दोन, मग ‘बी’ला, आणि असे शेवटपर्यंत. या आकड्यांच्या खाली संदेशाची अक्षरे आडव्या ओळींत लिहायची आणि आकड्यांच्या क्रमाने उभे स्तंभ उचलायचे. हाच उद्योग दुसऱ्यांदा करायचा. कोणते पाच शब्द निवडले ते एका छोट्या सूचक गटाने लंडनला कळवायचे. कागदाचा चिटोराही जवळ नको, झडतीत काही सापडायला नको. सारी किल्ली डोक्यात.

यात कविता कशासाठी? गद्य परिच्छेद का नाही? कारण कविता लक्षात राहते. वृत्त, यमक, आवर्तन यांनी ती स्मृतीत रुतून बसते. ओवीने जात्यावरच्या बाईच्या कंठात शतके काढली ती ज्या गुणांवर, त्याच गुणांवर ही पद्धत उभी होती. परंतु वापर होत होता तो त्या गुणांचा नव्हे. वापर होत होता अक्षरांचा, तेही लेखननियमांनुसार. कविता नादाने लक्षात राहायची आणि तिचा उपयोग वर्णलेखनाने व्हायचा. या दोहोंच्या सांध्यात सारी गडबड होती. हस्तकाने कविता तोंडपाठ म्हणावी, पण एका शब्दाचे स्पेलिंग चुकवावे. की सगळे आकडे सरकले आणि संदेशाची राख झाली. अशा न उलगडणाऱ्या संदेशांना एसओईत ‘अनुलगड’ अशा अर्थाचेच नाव होते. पूर्वी अशा वेळी हस्तकाला संदेश पुन्हा पाठवायला सांगत. त्या दुसऱ्या प्रक्षेपणात शत्रूच्या गाड्या दारात येऊन उभ्या राहात. मार्क्सने हे थांबविण्याचा पण केला. ग्रेंडन येथील केंद्रात संकेतलेखनाचे काम करणाऱ्या तरुण मुली हस्तकाच्या संभाव्य चुका कल्पून हजारो किल्ल्या लावून पाहू लागल्या. हे संहिताचिकित्सेचे काम होते. लेखनिकाची नजर कोठे घसरली असेल, हात कोठे थकला असेल, याचा अंदाज घेऊन भ्रष्ट पाठावरून मूळ पाठाकडे जाणे हेच हस्तलिखितांचा संपादकही करतो. फक्त त्याला सकाळपर्यंतची मुदत नसते.

काव्यसंकेताचा मोठा दोष याहून वेगळा होता. शत्रूने एक संदेश गणिताने फोडला, की ते पाच शब्द त्याला मिळत. आणि कविता जर शेक्सपिअरची, कीट्सची किंवा रासीनची असेल तर? शत्रूने कपाटातून काव्यसंग्रह काढावा, पाच शब्दांवरून कविता शोधावी आणि त्या हस्तकाचे मागचे-पुढचे सारे संदेश वाचावेत. कविता जितकी थोर तितकी किल्ली निकामी. सर्वांच्या मालकीची असणे हेच अभिजात कवितेचे लक्षण, आणि किल्ली तर एकाच्याच मालकीची असावी लागते. मार्क्सने काढलेला मार्ग एखाद्या रोमँटिक काव्यमीमांसकाने सुचवावा असा आहे: कविता अपूर्व हवी. कोठेही छापलेली नको, कोणी ऐकलेली नको. तो आणि त्याचे सहकारी हस्तकांसाठी नव्या कविता रचू लागले. त्यांत चांगल्या थोड्या, खेळकर पुष्कळ आणि चावट बऱ्याच होत्या. चावट कविता चटकन पाठ होते, हे त्यामागचे व्यावहारिक सत्य. नवनिर्मितीचे मूल्य आपण प्रतिभेशी जोडीत आलो आहोत. येथे अपूर्वता ही केवळ सुरक्षेची अट होती आणि ती पाळण्यासाठी प्रतिभा लागलीच असे नाही.

यापुढचा भाग शैलीविज्ञानाचा आहे. प्रमाण भाषिक वापरापासूनचे अर्थपूर्ण विचलन म्हणजे शैली, ही व्याख्या आपल्याकडे बरीच चर्चिली गेली आहे. एसओईने प्रत्येक हस्तकाला एक ‘सुरक्षाखूण’ दिली होती. ती म्हणजे ठरवून करायची चूक. अमुक स्थानी अमुक अक्षर चुकवायचे. पकडला गेलेला हस्तक शत्रूच्या दबावाखाली संदेश पाठवू लागला, तर त्याने ही चूक करायची नाही. निर्दोष संदेश म्हणजे संकटाची हाक. हॉलंडमधील हुइब लाउवर्स हा बिनतारी चालक १९४२ च्या मार्चमध्ये पकडला गेला तेव्हा त्याने अगदी हेच केले. खूण गाळून संदेश पाठविले. लंडनने ते गाळणे पाहिले आणि मनावर घेतले नाही. थकला असेल, घाईत असेल, विसरला असेल. परिणामी जर्मन हेरखात्याच्या हेर्मान गिस्केसने दोन वर्षे लंडनशी खोटा पत्रव्यवहार चालविला आणि एकामागून एक हवाई छत्रीने उतरलेले पन्नासाहून अधिक हस्तक उतरताक्षणी धरले गेले. त्यांतील बहुतेक जिवंत परतले नाहीत. १ एप्रिल १९४४ रोजी गिस्केसने शेवटचा संदेश उघड भाषेत, उपहासाने पाठवून खेळ संपविला.

मार्क्सला हॉलंडविषयी संशय आला तो एका अभावावरून. फ्रान्स, नॉर्वे, बेल्जियम, सगळीकडून चुकलेले, न उलगडणारे संदेश येत होते. हॉलंडकडून एकही येत नव्हता. चुका न करणारी माणसे निवांत खोलीत, मेजावर, दिव्याखाली बसून लिहीत असली पाहिजेत. एका संदेशाचे वाचन करून हे कळले नसते. त्यासाठी सगळ्यांचा एकत्र पट डोळ्यांपुढे असावा लागतो आणि जे नाही ते दिसावे लागते. मार्क्सने हे वरिष्ठांना सांगितले. निर्णय होण्यास वेळ लागला तो लागलाच. ज्यांना हॉलंडमधील जाळे वाढत चालल्याचे समाधान हवे होते, त्यांनी प्रत्येक संदेश त्या समाधानाला जुळेल असा वाचला. संहितेच्या अंगभूत खुणा नाकारून इष्ट अर्थ काढण्याला वाचकाचे स्वातंत्र्य म्हणण्याची प्रथा आता रूढ आहे. लंडनच्या त्या कचेरीतही वाचक पूर्ण स्वतंत्रच होते.

नूर इनायत खान हिची हकिगत याच प्रकरणातील. तिचे वडील, सूफी गायक व गुरू इनायत खान, बडोद्याचे. ती स्वतः १९१४ साली मॉस्कोत जन्मलेली आणि पॅरिसमध्ये वाढलेली. मुलांसाठी तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिला शिकविण्याआधी मार्क्सने ते पुस्तक मिळवून वाचले. अडचण अशी होती, की सत्यवचनाच्या संस्कारात वाढलेल्या या लेखिकेला खोटे बोलणे जमत नाही अशी तक्रार तिच्या प्रशिक्षकांची होती. आणि सुरक्षाखूण म्हणजे शत्रूशी केलेली लबाडीच. मार्क्सने तिच्यापुरती वेगळी खूण योजली: निवडलेल्या शब्दांच्या अक्षरांची बेरीज अठरा कधीही होऊ द्यायची नाही, झाली, तर ती शत्रूच्या हाती आहे असे समजायचे. यात बोलून फसवायचे काही नव्हते, फक्त मोजायचे होते. १९४३ च्या जूनमध्ये ती फ्रान्सला गेली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. पुढे अठरा अक्षरांची किल्ली असलेला संदेश आला असे मार्क्स लिहितो. तिच्या यंत्रावरून जर्मनांनी चालविलेल्या संदेशांवर लंडन त्यानंतरही विसंबत राहिले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊ येथे तिला ठार मारण्यात आले. बोधिसत्त्वाच्या कथा सांगणाऱ्या लेखिकेचे शेवटचे महत्त्वाचे विधान एका संख्येचे होते आणि ते वाचायला बसलेल्यांनी वाचले नाही.

मार्क्सला कविता मुळातच नको होती. छळाखाली पाठ असलेली गोष्ट बाहेर काढता येते. जे पाठच नाही ते कोण सांगणार? म्हणून त्याने आधीच तयार केलेल्या किल्ल्या रेशमी कापडावर छापून घेतल्या. कापड कपड्यांच्या अस्तरात शिवायचे, एक किल्ली वापरली की तेवढी पट्टी कापून जाळायची. संदेशही त्यामुळे आखूड करता येऊ लागले. पुढची पायरी एकदाच वापरायच्या यादृच्छिक अक्षरांची किंवा अंकांची वही. येथे कविता गुप्तलेखनातून बाहेर पडली. स्मृतीची जागा विस्मरणाने घेतली. किल्लीचे उत्तम लक्षण तिचा मागमूस न उरणे हे ठरले.

शीतयुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही लघुलहरींवर जी ‘अंककेंद्रे’ ऐकू येत राहिली ती या पायरीची अपत्ये. त्यांतले ‘लिंकनशर पोचर’ या टोपणनावाचे केंद्र विशेष प्रसिद्ध. त्या नावाच्या इंग्रजी लोकगीताच्या काही सुरावटी वाजत, मग एक स्त्री पाच-पाच अंकांचे गट थंडपणे उच्चारीत जाई. प्रक्षेपण सायप्रसमधून होते असे हौशी श्रोत्यांनी शोधून काढले. ते ब्रिटिश गुप्तहेरखात्याचे मानले जाई. २००८ साली ते बंद पडले. १९९७ मध्ये लंडनमधील एका छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेने अशा केंद्रांच्या मुद्रणांच्या चार तबकड्यांचा संच काढला आणि संगीतप्रेमींनी तो उचलून धरला. त्यातली वाक्ये कोणालाच कळत नव्हती, हेच त्याचे आकर्षण.

या अंकांविषयी शॅननने १९४९ मध्ये सिद्ध केलेली गोष्ट साहित्यशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. किल्ली खरोखर यादृच्छिक असेल, संदेशाइतकीच लांब असेल आणि एकदाच वापरली असेल, तर गुप्तसंदेशापासून त्या लांबीचा कोणताही अर्थ काढता येतो आणि प्रत्येक अर्थ किल्लीवाचून पाहता तितकाच संभवनीय राहतो, जितका तो संदेश हाती पडण्यापूर्वी होता. ‘उद्या पूल उडवा’ आणि ‘उद्या घरी परता’ या दोन्हींना संहिता सारखीच संमती देते. म्हणजे पूर्ण अनेकार्थता आणि पूर्ण निरर्थकता या दोन टोकांच्या गोष्टी नसून एकच गोष्ट आहे. विरचनावादाच्या उत्साहात आपल्याकडे ‘अर्थ अनंत आहेत’ हे विधान कवितेचे गौरवविधान म्हणून केले जाते. ज्या संहितेचे अर्थ खरोखर अनंत आहेत अशी संहिता अस्तित्वात आहे. तिला शत्रूपुढे ठेवतात, कारण तिच्यातून त्याला काही मिळणार नाही याची खात्री असते. कवितेचे अनेक अर्थ होतात ते ती काही अर्थांना ठामपणे नकार देते म्हणून. शब्दांतला परस्परांशी असलेला संबंध, त्यांचा इतिहास, वाक्याची घडण, या साऱ्या गोष्टी अर्थाला धरून ठेवतात. गुप्तलेखक त्यांनाच फट समजतो आणि बुजवितो.

महानुभावांची सकळ लिपी येथे आठवते. वरवर पाहता तोही गुप्तलेखनाचाच प्रकार. परंतु तेथे बदलली ती लिपी. भाषेला धक्का लागला नाही. अक्षरांची वारंवारता, शब्दांची लांबी, ओवीची मोडणी आतल्या आत शाबूत राहिली, म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी लिपी उलगडताच ‘लीळाचरित्रा’ची मराठी जशीच्या तशी हाती आली. त्या गुप्ततेने ग्रंथ शतकानुशतके इतरांपासून दूर ठेवले, हे तिचे एक फळ, आणि जपून ठेवले, हे दुसरे. अंककेंद्राच्या संदेशातून असे काही कधीच हाती येणार नाही. एकदा वही जळली, की ज्याने पाठविले त्यालाही ते अंक परके.

क्वचित वही किंवा तिची नक्कल हाती पडते. क्यूबाच्या ज्या हेरांना १९९८ मध्ये फ्लोरिडात अटक झाली, त्यांच्या संगणकातील उलगडणीची आज्ञावली अमेरिकन तपासयंत्रणेने आधीच उतरवून घेतली होती. त्यामुळे लघुलहरींवरून त्यांना आलेले काही अंक खटल्यात वाचता आले. त्यांत विशिष्ट विमानांतून प्रवास टाळण्याची सूचना होती, ओळखी घट्ट करण्याची होती, आणि एका संदेशात जागतिक महिलादिनानिमित्त सर्व स्त्री सहकाऱ्यांना शुभेच्छा द्याव्यात असेही होते. अंकांच्या त्या गूढ स्वराभोवती श्रोत्यांनी जे काव्य विणले होते त्याच्यापुढे ही शुभेच्छा हास्यास्पद वाटते. पण गूढता संदेशात नव्हती, माध्यमात होती. न कळणे यालाच खोली समजण्याची सवय समीक्षेतही अपरिचित नाही.

झाँ कॉक्तोच्या १९५० सालच्या ‘ऑर्फे’ या चित्रपटाने या सवयीचे चित्रच काढले आहे. कवी ऑर्फे मोटारीतल्या रेडिओपाशी दिवसचे दिवस बसून राहतो. त्यावरून विसंगत वाक्ये आणि अंक ऐकू येतात आणि तो ते अधाशासारखे उतरवून घेतो. आपल्या साऱ्या कवितेपेक्षा या ओळी श्रेष्ठ आहेत अशी त्याची खात्री पटलेली. घरी गरोदर पत्नी त्याची वाट पाहात राहते. युद्धकाळातल्या बीबीसीच्या संदेशांवरून ही कल्पना सुचल्याचे कॉक्तोने सांगितले आहे. ते प्रक्षेपण सेझेस्त या मृत तरुण कवीचे असते आणि ते ऑर्फेला भुलविण्यासाठी केलेले असते. म्हणजे येथे अर्थ आहे, हेतू आहे, ग्राहकही ठरलेला आहे. फक्त तो कवितेचा अर्थ नव्हे. ऑर्फे ज्याला प्रेरणा समजतो तो सापळा आहे. कॉक्तोच्या शैलीतला नखरा बाजूला ठेवला तरी, कवी हा कोणाच्या तरी संदेशाचा चोरून ऐकणारा आहे, हे त्याचे सूत्र कोणत्याही वाङ्मयचौर्यविषयक चर्चेपेक्षा दूर जाते.

आता राहिली मार्क्सची स्वतःची कविता. १९४३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, विमान-अपघातात मृत्यू पावलेल्या प्रेयसीसाठी त्याने काही ओळी लिहिल्या. आयुष्य आणि प्रेम देऊन टाकण्याविषयीची, साध्या, बहुतांशी एकावयवी शब्दांची ही लहान रचना त्याने पुढे १९४४ च्या मार्चमध्ये व्हायोलेट साबो या हस्तकेला तिची किल्ली म्हणून दिली. आधी दिलेल्या फ्रेंच कवितेच्या स्पेलिंगमध्ये तिच्या चुका होत होत्या. ही चुकली नाही. साबोला १९४५ च्या आरंभी राव्हेन्सब्रुक येथे मारण्यात आले. १९५८ साली तिच्या जीवनावरील चित्रपटात ही कविता आली आणि लोकप्रिय झाली. आता ती इंग्लंडात लग्नांत आणि अंत्यविधींत वाचली जाते.

कविता म्हणून ती मध्यम आहे. शब्दांची पुनरुक्ती नादापेक्षा निरुपायातून आलेली वाटते, प्रतिमा नाहीच, आणि शेवटी भाव आपोआप हाती लागावा इतका सोपा होतो. कृतिनिष्ठ समीक्षेच्या नियमाने येथे थांबायला हवे. पण वाचणाऱ्याचा कंठ दाटतो तो खोटा नसतो, आणि तो केवळ ओळींमुळेही दाटत नाही. ही कविता तिघांसाठी तीन वेळा वापरली गेली: मृत स्त्रीला उद्देशून, जिवंत स्त्रीच्या स्मृतीत ठेवण्यासाठी आणि लंडनमधल्या मुलींनी तिच्यातले पाच शब्द मोजावेत म्हणून. ‘आयुष्य’ या अर्थाचा जो शब्द कवितेत वारंवार येतो, तो साबोने संदेशासाठी निवडला असेल तेव्हा त्यातील चार अक्षरांना चार आकडे मिळाले असतील, एवढेच. त्या क्षणी त्याला अर्थ नव्हता, असे संकेतशास्त्र सांगेल. व्होमेकूरच्या माणसांना व्हर्लेनच्या शरद ऋतूशी कर्तव्य नव्हते. त्यांना रूळ उखडायचे होते. साबोने मात्र कविता पाठ केली होती, आणि पाठ करताना ती अक्षरांनी केली जात नाही.